तुमचे पूर्ण नाव सांगा

गेल्या आखाजीच्या आठवड्यात माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात आणि गावात सगळे जिभाऊ म्हणतात, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी धुळ्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. वय ७१, पारोळा तालुक्यातील कोरडवाहू कापसात आयुष्य गेलेले, आणि रुग्णालयाचा अनुभव जवळजवळ नाहीच. दाखल करताना मनगटावर पट्टी बांधणाऱ्या मुलीने त्यांना पूर्ण नाव विचारले. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने विचारले. रात्री गोळी घेऊन आलेल्या परिचारिकेने विचारले. सकाळी शस्त्रक्रियेआधीचे इंजेक्शन भरून आणणाऱ्या मुलीने ‘आबा, तुमचे पूर्ण नाव सांगा’ म्हटल्यावर मात्र जिभाऊंचा संयम सुटला. ‘कालपाईन चौथी दाव इचारी राह्यनात. एक रातमा मनं नाव बदली जाई का?’ असे ते म्हणाले आणि खोलीतील पुतणे, सुना, शेजारच्या खाटेचे नातेवाईक सगळेच हसले. ती मुलगीही हसली. पण हातातील सिरिंज तिने ट्रेमध्येच राहू दिली, आणि जिभाऊंनी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सगळे सांगेपर्यंत त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवरून तिची नजर हलली नाही.

मला हसू आले नाही. मी ३६ वर्षे सरकारी रुग्णालयांत नोकरी केली. अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यातील बहुतेक काळ प्रौढांच्या मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डांत गेला. हा प्रश्न न विचारल्याने काय होते ते मला चांगले ठाऊक आहे. खरे सांगायचे तर मी तो विचारला होता. मात्र ज्या रीतीने विचारू नये त्या रीतीने विचारला होता.

१९९३ सालची गोष्ट आहे. वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण होते आणि दोघांचे नाव एकच होते. आडनाव अर्थात पाटील. खानदेशाबाहेरच्या वाचकाला हा योगायोग वाटेल, पण आमच्याकडे एखाद्या वॉर्डात पाच पाटील, तीन महाजन आणि दोन चौधरी नसले तर त्या दिवशी वॉर्ड रिकामा आहे असे समजावे. दोघांपैकी एकाला मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळली होती. त्याला सकाळच्या खाण्याआधी इन्शुलिन द्यायचे होते. दुसऱ्याची त्याच दिवशी हर्नियाची शस्त्रक्रिया होती, त्यामुळे तो रात्रीपासून उपाशी होता. रात्रपाळी संपत आली होती, ४४ रुग्णांमागे मी एकटी होते, आणि इन्शुलिन भरलेली काचेची सिरिंज हातात घेऊन मी चालता चालता विचारले, ‘तुम्ही अमुक पाटीलच ना?’ हर्नियावाला म्हणाला, ‘हाव.’ तो खोटे बोलला नव्हता. २० युनिट साधे इन्शुलिन मी त्या उपाशी माणसाला टोचले.

अर्ध्या तासाने पायाच्या जखमेचा रुग्ण मला म्हणाला, ‘सिस्टर, माझी सुई राहिली.’ पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होते, ते मला त्या क्षणी कळले. साध्या इन्शुलिनचा परिणाम अर्ध्या तासात सुरू होतो, दोन ते चार तासांत तो सर्वांत जास्त असतो आणि सहा-आठ तास टिकतो. म्हणजे धोका अजून पुढेच होता, आणि म्हणूनच काहीतरी करायला वेळही होता. मी धावत जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांना जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. शिरेतून २५ टक्के ग्लुकोज दिले, मागोमाग ग्लुकोजची बाटली लावली, शस्त्रक्रिया पुढे ढकलली, आणि पाळी संपल्यावरही दुपारी दोन वाजेपर्यंत मी त्या माणसाच्या खाटेजवळ बसून राहिले, घाम फुटतो का, हात थरथरतात का, बोलणे अडखळते का ते पाहत. त्याला काही झाले नाही. नंतर मी त्याला विचारले की, तुम्हाला मधुमेह नाही, सुईची गरज नाही हे ठाऊक असताना तुम्ही काही बोलला का नाहीत? त्याचे उत्तर मी आजवर विसरले नाही. ‘तुम्ही इचारं, मी हाव म्हनं.’

या उत्तरात आमच्या मुलखाचा अख्खा स्वभाव आहे. तहसील कचेरीत, बँकेत, शाळेत, दवाखान्यात, टेबलापलीकडच्या माणसाने काही विचारले की हो म्हणायचे, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. त्यात ऐकायला कमी येणारे, ग्लानीत असलेले, वेदनेने बेजार झालेले, भूल उतरत असलेले रुग्ण तर कोणत्याही नावाला मान डोलावतात. म्हणून नाव परिचारिकेने सांगायचे नसते, ते रुग्णाच्या तोंडून ऐकायचे असते, आणि मग ते पट्टीशी, केसपेपरशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचे असते. ‘योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ’ हे पाच नियम आम्ही प्रशिक्षणात पाठ केले होते. परीक्षेत मला त्यावर पूर्ण गुणही मिळाले असतील. ‘योग्य रुग्ण’ म्हणजे एका प्रश्नाची नेमकी वाक्यरचना, हे मात्र मला त्या सकाळी समजले.

पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ‘अनवधानाने घडले, पुन्हा घडणार नाही’ असे मी लिहून दिले आणि कागद फाइलला लागला. एकाच नावाचे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर का ठेवले, केसपेपरवर लाल शाईने खूण का केली नाही, ४४ रुग्णांमागे एक परिचारिका का होती, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. त्या नोटिशीचा एक परिणाम मात्र झाला: नंतर वर्षभर त्या वॉर्डातील कोणत्याही परिचारिकेने आपली एकही चूक कोणाला सांगितली नाही. चुका थांबल्या असतील यावर माझा विश्वास नाही. १९९९ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल काढला आणि त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत असा अंदाज मांडला. दोष बहुतांशी बेफिकीर माणसांचा नसून कामाच्या मांडणीचा असतो, हे त्या अहवालाचे म्हणणे होते. ते मी बऱ्याच वर्षांनी वाचले तेव्हा मला ती फाइल आठवली.

इन्शुलिनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट थोडी विषयांतर करून सांगते, कारण आता हे औषध घरोघरी पोहोचले आहे. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट अशा मिळतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमध्ये बसणारी इन्शुलिनची नळी मात्र एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटची असते आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. १०० युनिटवाले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात, अडीच पट. ‘डॉक्टरांनी २० सांगितले होते, आम्ही २०च भरले’ असे सांगत बेशुद्ध वडिलांना उचलून आणणारा मुलगा मी पाहिला आहे. तो खरेच २० च्या रेघेपर्यंतच भरत होता.

पोटॅशियम क्लोराइडच्या लहान बाटल्यांची मला याहूनही जास्त भीती वाटत असे. दहा मिलिलिटरच्या त्या बाटलीत २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते सलाइनमध्ये मिसळून, सावकाश, तासातासाचा हिशेब ठेवून दिले तर जीव वाचतो, आणि घाईत डिस्टिल्ड वॉटर समजून शिरेत सरळ ढकलले तर हृदय थांबते. म्हणून माझ्या वॉर्डात त्या बाटल्या इतर औषधांच्या कपाटात कधीच राहिल्या नाहीत. त्यांचा पत्र्याचा वेगळा डबा होता, त्यावर लाल रंगाने लिहिलेले होते, आणि किल्ली माझ्या कमरेला असे. नव्या मुली मागे हसत की मॅडम दागिन्यांसारखी जपतात. हसू देत.

मधली काही वर्षे मी नंदुरबार जिल्ह्यात होते. तिथे नावाचा प्रश्न आणखी अवघड झाला. सातपुड्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवरून येणारे पावरा आणि भिल्ल रुग्ण स्वतःची भाषा बोलत. मला अहिराणी येते म्हणून मी त्यांचे समजून घेईन हा माझा गैरसमज पहिल्या आठवड्यातच गळून पडला. आडनावे पुन्हा तीच ती: वसावे, पाडवी, वळवी, पावरा. वय विचारले तर अंदाजाने सांगितलेले, आणि प्रत्येक वेळी वेगळे. तिथे मी वडिलांचे नाव आणि पाड्याचे नाव केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली, आणि मनगटी पट्ट्या संपल्या की चिकटपट्टीवर बॉलपेनने नाव व क्रमांक लिहून ती बांधू लागले.

वेदना किती आहे हे विचारण्याचीही तिथे नव्याने शिकवणी झाली. ‘शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, तर तुमचे दुखणे किती?’ हा पुस्तकातील प्रश्न तिथे कामाचा नव्हता. सिकलसेलचा झटका आलेला एक तरुण, हाडे फोडून काढणारी वेदना होत असताना, भिंतीकडे तोंड करून आवाज न करता पडून होता; आणि तो ओरडत नाही म्हणजे फार दुखत नसावे, असे समजून त्याचे इंजेक्शन मागे ठेवले गेले होते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात पुष्कळ आढळतो. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात; अशा रुग्णाला भरपूर पाणी, ऊब, वेळेवर वेदनाशामक आणि गरज असेल तेव्हा ऑक्सिजन लागतो, आणि छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर ते तातडीचे मानावे लागते. मी आकडा विचारणे सोडून दिले. रात्री झोप लागली का, कूस वळता आली का, भाकरी किती खाल्ली, लघवीला कोणाचा आधार न घेता गेलात का, हे दुभाषाकरवी, म्हणजे बहुधा वॉर्डातील मावशीकरवी, विचारू लागले. उत्तरे बिनचूक मिळत.

आता एक कबुलीजबाब आमच्या साऱ्या व्यवसायाच्या वतीने. कोणत्याही जुन्या वॉर्डातील तापाचा, नाडीचा आणि श्वासाचा तक्ता उघडून पाहा; ताप खरा असतो, नाडी बरीचशी खरी असते, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २२, २० असे आकडे असतात. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागते, आणि ४० रुग्णांची ४० मिनिटे होतात. एवढा वेळ कोणाकडे असतो? म्हणून तो आकडा डोळ्यांनी लिहिला जातो. मीही लिहिला आहे.

आतड्याला पडलेले छिद्र शिवलेल्या एका बाईंचा शस्त्रक्रियेनंतरचा चौथा दिवस होता. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता, सकाळच्या राउंडला त्यांनी ‘बरं आहे’ असेही सांगितले होते. प्रशिक्षणाला आलेली एक विद्यार्थिनी, जिला वॉर्डाच्या रीतीभाती अजून ठाऊक नव्हत्या, त्यांच्याजवळ उभी राहून खरोखर एक मिनिट श्वास मोजून आली आणि म्हणाली, ‘मॅडम, बत्तीस.’ मी तिला म्हटले, पुन्हा मोज. आणि मला आजही याची लाज वाटते की, माझा स्वर रागावल्याचा होता. तिने पुन्हा मोजले. बत्तीसच. मग मी स्वतः गेले, नाडी पाहण्याचे निमित्त करून मनगट हातात धरले, कारण श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो, आणि घड्याळाकडे पाहत त्यांच्या छातीची हालचाल मोजली. तीस. आदल्या संध्याकाळच्या रकान्यात २० हा आकडा माझ्या अक्षरात होता.

आधीचा अनुभव असा होता की, ‘सर, त्या पेशंट मला बऱ्या दिसत नाहीत’ असा फोन केला की ‘बरं, बघतो’ असे उत्तर येई आणि बघणे दुसऱ्या दिवशीच्या राउंडला होई. यात डॉक्टरांचाच सगळा दोष होता असे मी म्हणणार नाही. आम्ही त्यांच्या हाती धरण्यासारखे काही देत नव्हतो. त्या दिवशी मी कागदावर लिहून घेतले आणि फोनवर वाचून दाखवले: कोण रुग्ण, कोणती शस्त्रक्रिया, कितवा दिवस; श्वास ३२, नाडी ११८, पोट सकाळपेक्षा ताठ, लघवी गेल्या चार तासांत ७० मिलिलिटर; मला पोटात गळती झाल्याची शंका येते; आपण आत्ता यावे. डॉक्टर वीस मिनिटांत आले आणि त्या रात्री पोट पुन्हा उघडले गेले. शंका खरी निघाली. बाई वाचल्या, पण त्यांना घरी जायला महिना लागला. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि मागणी या क्रमाने निरोप देण्याची पद्धत अमेरिकेच्या नौदलातून रुग्णालयांत आली आहे, हे मला पुढे एका प्रशिक्षणात कळले. श्वासाचेही तसेच. ब्रिटनमध्ये २०१२ पासून जी गुणांची पद्धत वापरतात, तिच्यात मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर शून्य गुण आणि २५ किंवा अधिक, अथवा ८ किंवा कमी असतील तर थेट तीन गुण, म्हणजे धोक्याची घंटा. तब्येत ढासळण्याआधी श्वास बदलतो. रक्तदाब बराच वेळ तग धरतो आणि मग एकदम कोसळतो. त्या विद्यार्थिनीला हे काही ठाऊक नव्हते. तिला फक्त एक मिनिट मोजायला सांगितले होते आणि तिने ते ऐकले होते.

वेळ कोणाकडे असतो, हा वर विचारलेला प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्याजोगा नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. माझ्या नोकरीत मी हे प्रमाण फक्त कागदावर पाहिले. २००२ साली लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेवर एकेका रुग्णाचा भार वाढला की, तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते असे त्यात दिसून आले. ४४ रुग्णांचे गणित मी मांडून पाहिलेले नाही.

ज्या गोष्टी एकटीच्या हाताने होत नाहीत त्या आम्ही नातेवाइकांच्या हाताने केल्या. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की, रेक्झिनच्या गादीवर पडलेल्या अर्धांगाच्या रुग्णाची पाठ घामाने भिजून पांढरी पडते आणि दोन दिवसांत माकडहाडावर लाल चट्टा दिसू लागतो. तो बोटाने दाबल्यावर फिका झाला नाही तर बेडसोरची सुरुवात झाली असे समजावे. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सांगून भागत नसे, कारण सोबतच्या म्हाताऱ्या बाईकडे घड्याळ नसे. मग आम्ही वेळा बांधून दिल्या: अजान झाली की डावी कूस, राउंड संपला की उजवी, शाळेची घंटा झाली की पुन्हा डावी. आणि हात धुण्याबद्दल म्हणाल तर, ज्या वॉर्डाच्या नळाला मे महिन्यात पाणीच येत नाही तिथे ‘हात धुवा’ ही पाटी लावणारा माणूस मला नेहमी विनोदी वाटत आला आहे. खाटेच्या पायथ्याशी अल्कोहोलच्या द्रावणाची बाटली अडकवायची सोय झाली तेव्हा कुठे दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ करणे शक्य झाले. वीस-तीस सेकंदांत ते काम होते.

शस्त्रक्रियागृहात माझी नेमणूक थोडाच काळ होती, त्यामुळे त्याबद्दल थोडेच लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची तपासणी यादी काढली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी, अशा तीन थांब्यांवर ती मोठ्याने वाचायची असते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, एवढे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. यादीत अवघड असे काहीच नाही. रुग्णाचे नाव काय, शस्त्रक्रिया कोणती, बाजू कोणती, ॲलर्जी आहे का, मॉप (रक्त टिपायचे कापड) आणि हत्यारे मोजून पूर्ण भरली का. अवघड असते ते ‘सर, एक मॉप कमी आहे’ हे वाक्य टाके घालायला सुरुवात झालेली असताना उच्चारणे. मी ते एकदाच उच्चारले आहे. मॉप बादलीमागे पडलेला सापडला, आणि वरिष्ठ सर्जन काही न बोलता हात थांबवून तोवर उभे राहिले. त्यांच्या त्या न बोलण्याचे मोल मला पुढे इतर शस्त्रक्रियागृहांतील आवाज ऐकल्यावर कळले.

जिभाऊंची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडल्यानंतर मूत्राशयात रक्ताच्या गाठी साचू नयेत म्हणून तीन तोंडांच्या नळीतून सलाइनची धार सतत आत सोडतात आणि ती दुसऱ्या तोंडाने पिशवीत उतरते. पिशवीतला रंग टरबुजाच्या पाण्यासारखा असला तर चिंता नाही, डाळिंबाच्या रसासारखा गडद झाला की सांगा, असे मी सुनांना समजावून दिले होते. रात्री दीडच्या सुमाराला जिभाऊ अस्वस्थ झाले. उठून बसू पाहू लागले, नळीला हात घालू लागले, मला ओळखूनही भलतेच बोलू लागले. पुतण्या म्हणाला, उन्हाचे आहे. सून म्हणाली, वयाने होते असे, भूल डोक्यात गेली असेल. मीही, ३६ वर्षे नोकरी केलेली परिसेविका, भावाचा हात धरून फक्त ‘जिभाऊ, झोपा’ म्हणत बसले होते. नातेवाईक झाले की माणसाची बुद्धी खुंटीला टांगली जाते.

रात्रपाळीची मुलगी आली. पंचविशीचीही नसावी. तिने आधी जिभाऊंशी बोलून पाहिले, मग पांघरूण बाजूला करून ओटीपोटावर हात ठेवला, आणि मग खाटेला अडकवलेला कागद काढून बेरीज करू लागली. अकरापासून आत गेलेले सलाइन ३,००० मिलिलिटर. पिशवीतून मोजून टाकलेले आणि आता पिशवीत असलेले मिळून २,६००. शरीराची स्वतःची लघवी धरली तर बाहेर आलेले तीन हजारांहून जास्त असायला हवे होते. रंग फिकट होता म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो. रंग फिकट होता, कारण गाठीने तोंड अडवले होते आणि जे निसटत होते तेवढेच पाणी खाली येत होते. तिने प्रथम आत जाणारी धार बंद केली, फोनवर डॉक्टरांना तीन वाक्यांत आकडे सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यावरून ५० मिलिलिटरच्या सिरिंजने नळी धुतली. काळपट गाठी बाहेर पडल्या, मागोमाग भळकन पाणी आले, आणि पाचएक मिनिटांत जिभाऊ शांत झाले. रक्तातील सोडियम तपासायला तिने नमुनाही पाठवला, कारण या शस्त्रक्रियेनंतर आलेला भ्रम सोडियम कमी झाल्यामुळेही असू शकतो. अहवाल ठीक आला. नमुना घेताना तिने विचारले, ‘आबा, पूर्ण नाव सांगा.’

पहाटे सहाला पाळी बदलली. दोघी मुली खाटेजवळ उभ्या राहून ओव्हर, म्हणजे पाळीचा हवाला, देत-घेत होत्या. आत किती, बाहेर किती, रात्री काय झाले, कोणती औषधे दिली, कोणती राहिली. आमच्या वेळी ओव्हर टेबलाशी बसून, चहा पीत होई. नवी मुलगी अँटिबायोटिक भरून आली तेव्हा जिभाऊंनी तिला तोंड उघडायला अवसर न देता स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, तालुका आणि जिल्हा एका दमात सांगून टाकले. तिने पट्टीशी ताडून पाहिले आणि मान हलवली. मग जिभाऊंनी तिच्या ट्रेमधील सिरिंजकडे बोट केले. ‘आते मी इचारस. हाई कसानं इंजेक्शन शे?’

तिने रिकामी बाटली उचलून तिच्यावरचे नाव त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.